पाठमोऱ्या बाईचं वाक्य

"अजून एकदा खोका, ताई. जरा थकलेलं येऊ दे," काचेपलीकडून डबिंगचा दिग्दर्शक म्हणाला आणि माझं डोकंच सटकलं.

मावशी सहाव्यांदा खोकली. दोन बस बदलून आम्ही स्टुडिओत आलो होतो ते या एका खोकल्यासाठी!

ज्या कादंबरीवरून हा सिनेमा काढलाय ती मी सुट्टीत दोनदा वाचलीय, तेव्हा बोलायचा हक्क आहे मला. शेवटी नायिका लग्नासाठी घर सोडते, तेव्हा तिला लहानाचं मोठं केलेली स्वयंपाकीण पानभर बोलते. हॉलिवूडने यावर तीनदा सिनेमा काढला. पहिल्यात तिला चार वाक्यं होती, दुसऱ्यात एक. दोन्ही वेळा आपल्या भाषेत तिचा आवाज मावशीचाच होता. आता तिसऱ्यात ती नुसती पाठमोरी भांडी विसळते आणि खोकते. नायकाचा घोडा मात्र तीन मिनिटं दौडतो. कादंबरीत त्या घोड्याला कुणी विचारत नाही.

मावशीने भीत भीत विचारलं, दुसऱ्या सिनेमातलं तिचं ते एक वाक्य इथे घेऊन बघू का? पाठच दिसतेय, ओठ जुळवायची भानगड नाही. दिग्दर्शक म्हणाला, मूळ सिनेमात नाही ते घातलं तर कंपनी सगळं परत पाठवते. मावशीने लगेच मान डोलावली. तीस वर्षं हिचं हेच. दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालायचे आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप.

"चार सेकंदांचं तर वाक्य आहे, सर. तेवढ्यात तुमचा चहासुद्धा गार होणार नाही," मी म्हणाले. मावशीने असा चिमटा काढला की बस. पण दिग्दर्शक हसला. एकदाच घेऊ म्हणाला, ठेवणार नाही हे आधीच सांगतो.

लाल दिवा लागला. पडद्यावर ती पाठ आली.

"ज्याच्याबरोबर निघालीस, त्याला तुझी भूक कळते का गं?"

रेकॉर्डिस्ट मशीन बंद करायचाच विसरला. दिग्दर्शक हातातल्या कागदाकडे बघतच म्हणाला, "काढून टाक."

मला रडू येईल इतका संताप आला. आणि मावशी? ती म्हणाली, "काढा ना. त्याआधी एकदा ऐकवाल?"

रेकॉर्डिस्टने आम्हाला काचेपलीकडे बोलावून स्वतःचे हेडफोन तिला दिले. मावशी उभ्यानेच ऐकू लागली. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. चार सेकंद केव्हाच संपले, तरी तिने ते कानावरून काढले नाहीत.