न मिळालेल्या माशाचा झेंडा

मित्रांनो, आता मला झेंडा कोणी म्हणत नाही. मी होडीवरचे फडके झालो आहे. आमिष कापायच्या सुऱ्या माझ्यावर पुसतात. पण एके काळी तोर्तोलिताच्या धक्क्यावर माझ्याकडे पाहूनच लोक दुसऱ्या दिवशीची होडी ठरवत. ते सारे मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. सांगून पाहतो.

माझा जन्म ओब्दुलियाबाईंच्या शिवणयंत्रावर झाला. पांढऱ्या पडद्याचा एक चौकोन आणि त्यावर शिवलेला निळा, भाल्यासारख्या तोंडाचा मार्लिन मासा, एवढाच मी. त्यांचे यजमान तेयो मान्सीया हे कप्तान. पाहुण्यांना भर समुद्रात मासेमारीला नेणे हा त्यांचा धंदा. शेवटचा टाका घालून बाईंनी मला त्यांच्या खांद्यावर टाकले.

"माशाचं पोट जरा सुटलंय," त्या म्हणाल्या. "तुला समोर बसवून बेतलं ना!"

आमच्या किनाऱ्याची रीत अशी, की मार्लिन मिळाला तरच परतताना त्याचा झेंडा चढवायचा. मासा जिवंत सोडून दिला असेल, तर झेंडा उलटा बांधायचा. सोडलेला मासा कोणी पाहिलेला नसतो. कप्तानाचा शब्द हाच पुरावा. आणि ज्याचा झेंडा चढला, त्याने संध्याकाळी वायरलेसवर इतरांना मासा कुठे लागला ते सांगायचे. सकाळी बाकीच्या होड्या तिकडे वळत. इंधन महाग आणि समुद्र अफाट, त्यामुळे एकमेकांच्या सांगण्यावरच सगळ्यांचे पोट चाले.

तेयो मार्लिन बहुधा सोडूनच देत. त्यामुळे मी वर्षानुवर्षे उलटा फडकलो आणि मला त्याचा अभिमान वाटे. धक्क्यावर पाहुणे माझ्यासोबत फोटो काढत. शेजारच्या लहान होडीचा मालक चानो हा तेयोंचा जिवलग. तो खालून ओरडे, "काय रे, समुद्रात तुझी सासुरवाडी आहे का? गेलास की पाहुणचार!"

"उद्या तूही ये जेवायला," तेयो म्हणत. "बेटाच्या दक्षिणेला, पाण्याखालच्या खडकाळ चढावर."

चानो जाई, आणि बहुतेक वेळा त्यालाही मासा मिळे.

पुढे तेयोंचा जावई फेर्मीन होडीवर आला आणि बुकिंग पाहू लागला. तो वाईट नव्हता. पण त्या मोसमात मार्लिन दूर गेले, आणि गाद्यांच्या खुर्च्या असलेल्या नव्या होड्या धक्क्याला लागल्या. आमची होडी नुसतीच बांधलेली असे. असेच आणखी काही दिवस गेले असते, तर ती विकावी लागली असती.

"सासरेबुवा," फेर्मीन म्हणे, "गिऱ्हाईक समुद्र बघत नाही, झेंड्याची दांडी बघतं. आपली दांडी बोडकी."

एका संध्याकाळी आम्ही रिकामे परतलो. एर्मोसीयो शहरातले एक दंतवैद्य, ब्राकामोंतेस, आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन धक्क्यावर एकेक होडी पाहत चालले होते. फेर्मीनने मला खणातून काढले आणि भराभर वर चढवले. तेही उलटे.

"अरे वा, मार्लिन मिळाला वाटतं!" दंतवैद्य थांबले.

"मोठा होता साहेब. सोडून दिला."

"सोडला?" म्हातारेबुवा हळहळले. "अहो, मला दाखवून तरी सोडायचा!"

सगळे हसले. मग बोलणे सुरू झाले. निघायचे किती वाजता? उजाडण्यापूर्वी. बाबांना उलटी होते, गोळी कधी द्यायची? निघण्याआधी तासभर, आणि पोटात थोडे कोरडे काहीतरी हवे. टोपी आणि लांब बाह्यांचा सदरा तुमचा; परवाना, बर्फ, जिवंत आमिष आणि जेवण आमचे. फेर्मीन पोपटासारखा बोलत होता.

तेयो मागच्या बाजूला फळ्या धूत होते. त्यांनी मान वर केली आणि मला पाहिले. त्यांचा हात माझ्या दोरीकडे गेला. मला वाटले, आता खेचतील.

"ठरलं तर मग, कप्तान," दंतवैद्यांनी हात पुढे केला. "तुमच्या भरवशावर."

दोरीकडे गेलेला हात तेयोंनी त्यांच्या हातात दिला.

पाहुणे गेले आणि वायरलेसवर चानोचा आवाज आला. "तेयो, उलटा दिसला रे! कुठे लागला?"

तेयोंनी वायरलेस हातात घेतला. फेर्मीन त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. शेवटी ते म्हणाले, "बाहेरच्या कड्यावर, तळ एकदम खोल जातो तिथे. लांब आहे, चानो. तुझ्या इंजिनाला झेपायचं नाही."

एवढ्याने तो थांबेल, असे त्यांना वाटले असावे.

"माझ्या म्हातारीला नावं ठेवू नकोस!" चानो हसला. "तू सांगितलंस ना, मग बास. उद्या तिथेच भेटू."

सकाळी तेयोंनी पाहुण्यांना बेटाजवळच नेले. बाहेरच्या कड्यावर काही नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? मासा लागला नाही. म्हातारेबुवा मात्र खूश होते. "उलटी झाली नाही, हाच माझा मार्लिन!" म्हणाले. दुपारी उत्तरेचा वारा सुटला आणि आम्ही वेळेत धक्क्याला लागलो.

चानो आला नाही.

दुसऱ्या दिवशी कोळंबीच्या एका मोठ्या बोटीने त्याला आणले. त्याला एकट्यालाच. त्याची होडी समुद्राने घेतली होती. घोंगडी पांघरून तो आमच्यापाशी येऊन उभा राहिला. मी अजून दांडीवरच होतो. आधी पाहुण्यांच्या आणि मग वाऱ्याच्या धांदलीत मला उतरवायचे राहून गेले होते. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"वारा सुटला तसा मी निघालो होतो रे," तो तेयोंना म्हणाला. "मग वाटलं, तू कुठेतरी मागे अडकलास. तिथेच भेटायचं होतं ना? म्हणून शोधत फेऱ्या मारत राहिलो. त्यात इंजिन बसलं. तू होतास कुठे?"

तेयोंनी मला खाली खेचले, इतक्या जोरात की माझी कड फाटली. तेच त्यांचे उत्तर होते, आणि चानोला ते समजले. घोंगडी सावरत तो वळला आणि निघून गेला.

मित्रांनो, कापड फाटले तर शिवता येते, मळले तर धुता येते. त्याची फार चिंता करू नका. पण तुमच्या खुणेवर भरवसा ठेवून कोणी दूर निघत असेल, तर ती खूण जपा. मला जपले नाही कोणी. मी नुसता कापडाचा तुकडा. दोरी माझ्या हाती नव्हती. तरी लाज मलाच वाटते.

परवा तेयोंना खरोखर मार्लिन लागला, आजवरचा सर्वांत मोठा. त्यांनी तो सोडून दिला. फेर्मीनने मला चढवायला हात पुढे केला, तर ते म्हणाले, "राहू दे." मग धक्क्याला लागल्यावर वायरलेस लावून ते अंधार पडेपर्यंत जवळ बसून राहिले. चानोची गोष्ट ठाऊक असलेले सगळे कप्तान एकमेकांशी बोलत होते. मासा कुठे लागला, हे तेयोंना कोणी विचारले नाही.