फाशी देणाऱ्याचे एकुलते एक वाक्य

त्या संगीत नाटकातील दरोडेखोर इतका मोहक होता, की त्याने लुटलेली माणसेही दुसऱ्या अंकापर्यंत त्याच्या प्रेमात पडत. मंत्री, न्यायाधीश, कोतवाल हे सर्व त्याच्याहून मोठे चोर. हा निदान गाऊन चोरी करी! साहजिकच प्रेक्षकवर्ग त्याच्यावर लट्टू झाला होता.

या कौतुकात भरडला जात होता तो फाशी देणारा. हे गृहस्थ एरवी कुलुपे दुरुस्त करीत व हौसेखातर मंडळीत आले होते. संपूर्ण नाटकात त्यांच्या वाट्याला एकच वाक्य होते. परंतु नऊ प्रयोग होऊनही ते ओठांबाहेर पडले नव्हते. दरोडेखोर दोराखाली उभा राहून अखेरचे पद गाई, लोक ‘वन्समोर’चा गजर करीत, तो पुनःपुन्हा गाई, आणि मग वेळ उरत नसल्याकारणाने मंत्री थेट माफीपत्र घेऊनच प्रवेश करी.

दहावा प्रयोग दुपारचा होता. पहिल्या रांगेत फाशी देणाऱ्याचे सासरे येऊन बसले. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून बोलणे मात्र खणखणीत. सकाळीच ते म्हणाले होते, "जावईबापू, नट आहात म्हणता, मग तोंड कधी उघडता? का घरच्यासारखंच तिथंही गप्प?" बायको पाठ फिरवून हसली होती. ते हसणे यांच्या जिव्हारी लागले होते.

पद दोनदा झाले. पुन्हा ‘वन्समोर’ आला. विंगेत मंत्री घसा खाकरू लागला. दरोडेखोराने प्रेक्षकांना डोळा मारून तान घेण्यासाठी तोंड उघडले, तोच फाशी देणाऱ्याने काळी पिशवी त्याच्या डोक्यावर चढवली!

"अहो, मी अजून गातोय!" पिशवीतून आवाज आला.

"काढा ती! काढा!" प्रेक्षागृह खवळले.

 तरीही दोर उंच धरून फाशी देणारे गृहस्थ उद्गारले, "सरकार, हा दोर मंत्र्यांच्या मापाचा आहे; चोराच्या गळ्यात सैल बसतो!"

छप्पर उडेल असा हशा उसळला. त्या हशातूनही पहिल्या रांगेतला आवाज घुमला, "काय म्हणाले आमचे जावई? मला नाही ऐकू आलं!"

"वन्समोर!" कोणीतरी ओरडले. मग सगळेच ओरडले.

दुसऱ्या खेपेस वाक्य खणखणीत उमटले. सासरे उभेच राहिले. "आत्ता आलं! पण पुन्हा म्हणा, मागचे विचारतायत."

"म्हणा, म्हणा," पिशवी कण्हली, "पण आधी मला श्वास घेऊ द्या, राव!"

फाशी देणाऱ्याचे अंतःकरण द्रवले. त्यांनी पिशवी नाकाच्या वर सरकवली. नाक मोकळे झाले; तोंडावर मात्र त्यांनी आपला तळहात ठेवला. आणि वाक्य तिसऱ्यांदा म्हटले.