माझ्यातला सात मिनिटांचा काळोख

"काका, कोरी टेप जपून ठेवणं म्हणजे रिकाम्या डब्याला कुलूप लावणं नाही का?"

हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली आणि भिंगरीने विचारलंसुद्धा. नववीचा वर्ग आमची टेपांची खोली बघायला आला होता. मित्रांनो, तिने बोट दाखवलं ती टेप म्हणजे मी.

मी एक जुनी व्हिडिओ टेप आहे. वयाने भिंगरीच्या आईएवढी, पण अंगावर सुरकुती एक नाही. थोडी बुरशी आहे, तिच्याकडे काणाडोळा करा.

माझं खरं आयुष्य सुरू झालं ते सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत. तिथून आठ गल्ल्यांपुरतं एक टीव्ही केंद्र चालायचं, दर शनिवारी संध्याकाळी अर्धा तास. कॅमेरा एकच आणि तो पाळीपाळीने सगळ्यांचा. न्हाव्याने नुसते जमिनीवर पडणारे केस दाखवले. पोस्टमनने वीस दारांच्या कड्या दाखवल्या. लोक म्हणायचे, "हा कसला मेला टीव्ही," आणि पुढच्या शनिवारी कामं भराभर उरकून पुन्हा समोर बसायचे.

मग शिंपीणबाईंची पाळी आली. त्या म्हणाल्या, "आज दाखवायला माझ्याकडे काही नाही. घरातले दिवे चालू ठेवा आणि टीव्हीच्या काचेत बघा. पुढची सात मिनिटं कार्यक्रम तुमचा." आणि त्यांनी कॅमेऱ्यावर झाकण घातलं. त्यांचं बोलणं आणि पुढचा काळोख माझ्यावर भरला गेला.

आठ गल्ल्यांतले पडदे काळे झाले आणि घरोघरची माणसं स्वतःच टीव्हीवर आली. कुणी केस नीट केले, कुणी जीभ काढून दाखवली. वर्षभर अबोला धरलेले दोन भाऊ एकाच काचेत दिसले आणि धाकटा म्हणाला, "दादा, जाड झालास." दुसऱ्या दिवशी खोलीचा जिना लोकांनी भरून गेला. एवढं कौतुक केसांच्या वाट्याला आलं नाही की कड्यांच्या.

त्याच दिवशी बाईंनी कात्रीने माझ्या कडेचा प्लॅस्टिकचा दात तोडला. दात तोडलेल्या टेपवर दुसरं काही भरता येत नाही. दागिना मिरवावा तशी मी ती खाच मिरवते.

पुढे केंद्र बंद पडलं. एका कारकुनाने टेपा तपासताना मला मधूनच लावलं, काळोख पाहिला आणि वर लिहिलं, 'कोरी'. झालं. त्या एका शब्दाने मी खालच्या फळीवर ओलीत जाऊन पडले.

म्हणूनच भिंगरीच्या प्रश्नावर, जुन्या टेपा संगणकात उतरवून घेणारे चष्मेवाले काका हसून म्हणाले, "जपतोय कुठे? कोऱ्या सगळ्या शनिवारी भंगारात."

पैज जिंकून भिंगरीने गप्प बसायचं, तर तिने मला उचलून उलटंपालटं केलं.

"मग हिचा दात कुणी पाडला? आईने तिच्या लग्नाच्या टेपचा असाच पाडलाय, मामाने वर मॅच भरू नये म्हणून. कोऱ्या टेपची एवढी काळजी कोण करेल?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. मऊ फडक्याने हळूहळू माझी बुरशी पुसली. त्यात दुपार गेली. वर्ग घरी गेला, भिंगरी मात्र खालच्या फळीवरच्या टेपा चाळत बसली. मग मला यंत्रात घातलं. पडदा काळा.

"हिला कोरी कोण म्हणतं?" काका पुटपुटले. "कोरी असती तर पडद्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या दिसल्या असत्या. हा काळोख कुणीतरी मुद्दाम भरलाय." त्यांनी मला अगदी सुरुवातीला नेलं आणि इतक्या वर्षांनी बाईंचा आवाज खोलीत घुमला.

मित्रांनो, वस्तूवर लिहिलेलं जरूर वाचा, पण टाकण्याआधी एकदा ती वस्तूही ऐका. आम्हाला फक्त कोरडी फळी आणि तुमची सात मिनिटं पुरतात.

तेवढ्यात भिंगरीला न्यायला आईबाबा आले. "किती उशीर? क्लासची फी भरायची राहिली," बाबा दारातूनच म्हणाले. तिने दोघांना हाताला धरून माझ्यासमोर बसवलं. काळ्या काचेत तीन चेहरे आले. आईने नकळत पदर सारखा केला.

भिंगरी मागे वळली नाही. काचेतल्या बाबांकडे बघतच म्हणाली, "बाबा, सुट्टीतला क्लास सकाळचा घ्या. दुपारी मी रोज इथे येणार आहे. काकांकडे अजून एकेचाळीस 'कोऱ्या' टेपा आहेत, आणि आई, त्यातल्या नऊ जणींना दात नाही."