नीतू खरं बोलायला लागली

गोंदियाहून मामाच्या गावी जाणाऱ्या एसटीत कंडक्टरनं नीतूकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पोरीचं वय?"

"अकरा," शांतीबाई म्हणाली.

"तेरा," नीतू म्हणाली. "मागच्याच महिन्यात पूर्ण झाली."

अख्खी बस हसली. शांतीबाईनं लेकीचं पूर्ण तिकीट काढलं आणि गाव येईपर्यंत खिडकीतून धान कापलेल्या बांध्या पाहत बसली. मागच्या सीटवरच्या म्हातारीनं मात्र नीतूच्या पाठीवर हात ठेवला. "मोठी खरं बोलणारी पोरगी आहे वो!"

त्या एका वाक्यानं घात झाला. आपल्याला जगात काहीतरी काम मिळालं, असं नीतूला वाटलं.

टेकचंद मामाच्या घरी त्या दिवशी गडबड होती. त्यांच्या भूमेश्वरीला, म्हणजे भूमाताईला, दुपारी पाहायला येणार होते. ती नुकतीच बारावी झाली होती. मामीनं घाईघाईत नीतूला जेवायला वाढलं. "भाजी कशी झाली वो?"

"तिखट. आई म्हणते, तुमच्या मामीले मिरची दिसली का भानच राहत नाही."

मामी पळी ठेवून आत गेली. शांतीबाईनं नीतूच्या दंडाला कचकचीत चिमटा घेतला. थोड्या वेळानं नीतू पाणी प्यायला आत गेली, तर मामी पदरानं डोळे पुसत होती.

"कांदा चिरून राहिली होती," मामी म्हणाली.

कांदे तर टोपलीत तसेच होते. नीतूनं ते पाहिले. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पाणी न पिताच ती बाहेर आली.

परसात भूमाताईनं तिला गाठलं. "तू खरं बोलतेस ना? मग पाहुण्यांपुढं एवढंच सांग. ताईले आता लग्न नाही करायचं, डी.एड. करायचं आहे."

"तू काऊन नाही सांगत?"

"बाबा मले कापतील! तू लहान आहेस, तुले कोण काय म्हणते?"

तासाभरापूर्वी असतं तर नीतू उड्या मारत गेली असती. आता तिच्या डोळ्यांपुढून मामीचा पदर हलेना. आईचं बोलणं खरं होतं, पण ते उचलून मामीच्या ताटात तिनंच वाढलं होतं.

"मी नाही सांगत," ती म्हणाली. "हे तुह्यं आहे. मी सांगतलं तर चुगली होईल. मी बाजूले उभी राहतो, पाहिजे तर."

"मोठी आली शहाणी!" भूमाताई पाय आपटत गेली.

पाहुणे आले. मुलाचे वडील हिरालाल खुर्चीत टेकले. मुलगा ओमेश्वर इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून काठी गिळल्यासारखा बसला.

"पोरगा फॉरेस्टमध्ये आहे," हिरालाल म्हणाले.

"आमची पोरगी घरकामात पक्की," मामा म्हणाले. "पुढं शिकायचं खूळ नाही डोक्यात."

शांतीबाईनं आधीच नीतूचा दंड धरून ठेवला होता. पण नीतू फक्त चहाचा ट्रे घेऊन आलेल्या भूमाताईच्या शेजारी जाऊन उभी राहिली, दंडासकट आणि आईसकट. भूमाताईनं ट्रे खाली ठेवला.

"आहे," भूमाताई म्हणाली. आवाज इतका बारीक, की हिरालाल पुढे वाकले. "डोक्यात आहे. डी.एड. करायचं आहे मले. दोन वर्षं."

मामांनी वळून थेट नीतूकडे पाहिलं.

"मी काहीच नाही बोलली मामा!" नीतू ओरडली.

मग ओमेश्वर खाकरला. "बावा, आपणही सांगून टाकू का?" वडिलांनी डोळे वटारले, पण तो थांबला नाही. "मी फॉरेस्टमध्ये म्हणजे... नागझिऱ्यात गाईड आहो. सरकारी नोकरी नाही."

"मंग गाईड का जंगलाच्या बाहेर राहते?" हिरालाल तडकले. "वाघ का गोंदियाच्या बाजारात दाखवते?"

आधी मामी हसली. मग शांतीबाई. शेवटी हिरालालनाही हसू आवरेना आणि त्यांनी पोहे पुन्हा मागून घेतले.

"तुम्ही किती वाघ पाह्यले?" भूमाताईनं पहिल्यांदाच मान वर करून विचारलं.

"दोन," ओमेश्वर म्हणाला. "एक पाठमोरा होता."

लग्नाचं काही ठरलं नाही. पाहुणे गेल्यावर मामा रागानं शेताकडे निघून गेले. नीतू मामीजवळ जाऊन बसली. "मामी, सकाळी मी तसं बोलाले नाही पाहिजे होतं."

"खोटं होतं का?"

"नाही. पण..." पुढचं तिला सापडेना. मामीनं तिला जवळ ओढलं आणि केसांतली जट सोडवायला घेतली. तिनं जरा जोरातच ओढलं.

राग निवल्यावर, जून महिन्यात मामा स्वतः भूमाताईला घेऊन गोंदियाला गेले आणि फॉर्मच्या रांगेत दोन तास उभे राहिले. तिचा नंबर लागला. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नीतू मामाकडे गेली, तेव्हा अंगणात चार माणसं बसली होती आणि मामा रंगात आले होते.

"मी तर पहिल्या दिवसापासून म्हणून राहिलो, पोरीले शिकवा! घरचे ऐकत नव्हते. पाहुण्यांनाही मीच तोंडावर सांगतलं."

सांगताना मामांचा चेहरा असा फुलला होता, की नीतू नुसती पाहत राहिली.

"काऊन वो नीतू, खरं का नाही? तू होतीस ना तिथं!"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. दारात भूमाताई ओठ चावून हसू दाबत होती.

नीतूनं हातातल्या वाटीतली दोन जांभळं एकदम तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळत राहिली.