बिनचाकाचा नंदी आणि अंतराळवीर जयवंता

मी रोहण्याच्या किसनरावांच्या घरचा लाकडी नंदी बोलतोय. बोलू द्या मला! कितीतरी वर्षं माळ्यावर तोंड मिटून काढली आहेत.

सत्तरच्या आसपास चंद्रभान सुतारानं मला सागातून घडवलं. डौलदार वशिंड, गळ्यात घुंगरं, पायांखाली चार चाकं. काय थाट होता माझा! पोळा खऱ्या बैलांचा असतो, पण आमच्याकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. तो आम्हा लाकडी बैलांचा. पोरं आम्हाला सजवून तोरणाखाली ओढत नेतात. किसनरावांचा थोरला रूपराव मला न्यायचा आणि किसनराव पुढं उभे राहून झडती म्हणायचे. झडती म्हणजे बैलांपुढं खड्या आवाजात म्हणायचं कवन. त्यांच्यासारखा झडती म्हणणारा पंचक्रोशीत नव्हता. असं लोक म्हणायचे बुवा, मी स्वतः फार फिरलेलो नाही.

पुढं रूपरावानं माझी चाकं काढून आपल्या खेळण्यातल्या गाड्याला लावली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. उंदरांनी शेपटीचा पार निकाल लावला.

मग चौऱ्याऐंशी साल आलं. त्या एप्रिलात आपला एक भारतीय माणूस पहिल्यांदाच अंतराळात जाऊन आला, आणि घरात दुसरा विषयच नाही! किसनरावांची धाकटी जयवंता शाळेतून रोज नवी बातमी आणायची. पोळा तोंडावर आला तसं तिनं मला खाली उतरवलं, पुसलं आणि म्हणाली, "बाबा, यंदा नंदी मले न्यायचा हाय."

"पोरीची जात, नंदी नेते का कुठं? अन् त्याले चाक तरी हाय का?"

"यानाले तरी कुठं चाक असते?"

"लोक हासतीन," किसनराव म्हणाले.

"हासले त हासले, जाऊ द्या तिले," तिची आई आनंदाबाई चुलीपाशी बसून बोलल्या.

"जाऊ दे. पण मी येत नाई. झडती म्हणायले दुसरा कोणी पाहा."

जयवंताचा चेहरा एवढासा झाला. लोक हसण्याचं तिला काहीच नव्हतं. बाबांची झडती तिला हवी होती.

तरी पोरगी हटली नाही. खताच्या पांढऱ्या पोत्याचा पोशाख केला, डोक्यावर आईचा ॲल्युमिनियमचा गंज, म्हणजे पातेलं, पालथा घातला, मला चंदेरी कागद गुंडाळला. तिनं आणि तिची मैत्रीण रुखमा हिनं मला बांबूला टांगून खांद्यावर घेतलं. मी अधांतरी! लोक म्हणाले, नंदी तरंगून राह्यला. वजन मात्र माझं तसूभरही कमी झालं नव्हतं, रुखमाच्या खांद्याला विचारा.

तोरणापाशी सरपंच महादेवरावांनी अडवलं. "हे का होय? बिनचाकाचा नंदी रांगेत चालत नाई."

"हा नंदी नाई, यान हाय. मी अंतराळवीर."

हशा पिकला. महादेवरावही मिशीत हसले. "असं? मग लोकाइच्या प्रश्नाचं उत्तर दे अन् राह्य उभी."

बाप रे! एप्रिलपासून गावानं प्रश्न पोटात धरून ठेवले होते.

"तिथं जेवते कसं?"

"डब्यातलं, नळीतलं. हातातला घास सोडला त तरंगते."

"झोपते कसं?"

"पिशवीत शिरून, पट्टा बांधून. नाई त झोपेत यानभर फिरन."

"आंघोळ?"

"ओल्या फडक्यानं अंग पुसतात."

"म्हणजे आमच्या घरच्यासारखंच!" शेजारच्या मनकर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या नवऱ्यानं मान खाली घातली.

"अन् ते... सकाळचं?" एका म्हाताऱ्यानं लाजत विचारलं. सगळं गाव कान टवकारून!

"हवेनं ओढून घेणारं यंत्र असते, आबा."

"खाली पडत काऊन नाई?"

"पडतच असते. पण यान इतक्या जोरात पुढं जाते अन् खालची धरती अशी गोल वाकत जाते का ते तिच्याभोवती फिरतच राह्यते."

"बायाइले नेतात का?" हे पुन्हा मनकर्णाबाई.

"मागच्याच महिन्यात रशियाची एक बाई यानाबाहेर निघून काम करून आली!"

मनकर्णाबाईंनी पदर कमरेला खोचला.

शेवटी महादेवरावांनी विचारलं, "अन् पोरी, घरची आठवण आली त?"

जयवंतानं गंज आणखी खाली ओढला. मग गंजातून बारीक आवाज आला, "रेडिओवरून खाली बोलता येते. मी बाबाले हाक मारीन. बाबा आयकतीन का नाई, ते नाई माहीत."

कुणी हसलं नाही. तेवढ्यात मागून, बैलगाडीच्या आडून, तो ओळखीचा खडा आवाज उठला:

"आभाळात यान गेलं, त्याले नाई चाक,
तिथून माह्या जयवंतानं मले मारली हाक!
हर बोला हर हर महादेव!"

आला होता हो बाप! मघापासून लपून ऐकत होता. साऱ्या गावानं हर हर महादेव केलं. जयवंता आनंदानं रडायला लागली, आणि डोळे पुसायचे तर गंज निघेना! दोघातिघांनी ओढला तेव्हा कुठं सुटला. आनंदाबाईंना पोचा आलेला गंज परत मिळाला.

सजावटीचं बक्षीस दुसऱ्याच नंदीनं नेलं. नेऊ दे. मला रांगेत जागा मिळाली, जयवंताला बाप मिळाला.

त्याला आता पाच वर्षं झाली. जयवंता वर्ध्याला कॉलेजात शिकते, सिंदी मेघेला मावशीकडे राहते. मी बैठकीतल्या फळीवर असतो. चंदेरी कागद जागोजाग फाटलाय, पण ऐट कायम आहे. तुमच्याही माळ्यावर कुणी मोडका पडला असेल तर खाली उतरवा बरं, त्याला काय काय येतं ते तुम्हाला ठाऊक नाही.

मला मात्र चाकं बसवू नका. परवा चंद्रभान माप घ्यायला आला होता, तर किसनरावांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

"राहू दे, चंद्रभान," ते म्हणाले. "तान्ह्या पोळ्याले पोरगी येऊन राह्यली. यंदा बांबूचं दुसरं टोक मी धरतो."