बशीतलं पाणी

तिने झारी तिरपी केली आणि कुंडीखालची बशी काठोकाठ भरली. मग इकडेतिकडे बघितलं. शेडमागे सकाळी कोणी फिरकत नसे, तरी बघितलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

कुंडीत आफ्रिकेतलं एक औषधी झुडूप होतं. राखाडी, पिसांसारखी पानं आणि सरळसोट वाढणाऱ्या फांद्या. बियांच्या पाकिटावर त्याचं भलंमोठं नाव छापलेलं होतं, पण दोघी बहिणींपैकी एकीचीही जीभ त्यावर वळत नव्हती. पाकिटावरच्या चित्रात लाल फुलं होती आणि फुग्यासारख्या फुगलेल्या शेंगा होत्या, म्हणून दोघी त्याला 'फुगेवाला' म्हणत. या फुगेवाल्याला लख्ख ऊन हवं, वाळू मिसळलेली माती हवी, आणि पायाशी साचलेलं पाणी मात्र अजिबात नको. तीस वर्षं रोपवाटिकेत काढलेल्या बाईला हे कोणी शिकवायला नको होतं. म्हणून तर ती बशी भरत होती.

तिला ते झुडूप मारायचं होतं, आणि तेही पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारच्या आत.

गुरुवारी तिच्या ताईच्या ऑपरेशनची तारीख होती. पाच महिन्यांपूर्वी ताईच्या हाताला छातीत गाठ लागली. ताईचं शिवणाचं दुकान, त्यामुळे ती म्हणाली, "शर्टाच्या बटणाएवढी आहे." तपासण्या झाल्या आणि सर्जनबाईंनी गाठ लगेच काढायला सांगितली. ताईने ऐकून घेतलं, घरी आली, आणि मशीनवर बसून एक अख्खा झगा शिवून संपवला. मग म्हणाली, "आयुष्यभर कात्री चालवली मी. कापणं म्हणजे काय ते मला विचारा. कापड चुकलं तर दुसरं आणता येतं."

त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने तिला बियांचं पाकीट आणून दिलं. त्या गिऱ्हाइकबाईचा नवरा आफ्रिकेला जाणाऱ्या बोटीवर नोकरीला होता. तिकडे लोक याच्या पाल्याचा काढा घेतात, झुडूप कमरेइतकं झालं की पाला काढायचा, असं ती सांगून गेली. ताईने पाकीट थेट रोपवाटिकेत आणलं.

"छोटे, हे उगवून दे. तुझ्या हातचं मरत नाही."

आणि छोटीने, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांच्या या छोटीने, उगवून दिलं. बिया दगडासारख्या कडक होत्या. तिने एकेक बी घासकागदावर हलकेच घासली, वरून कढत पाणी ओतलं आणि फुगलेल्या तेवढ्या बिया वाळूत टोचल्या. बारातल्या चार उगवल्या. दोन बुडाशी कुजल्या, एक गोगलगायीने खाल्ली, आणि राहिलं ते हे. तेव्हा तिला वाटलं होतं, ताईचं मन रमेल, महिन्याभरात धीर येईल आणि ती आपणहून दवाखान्यात जाईल. कसलं काय! ताई दर रविवारी गळ्यात टेप अडकवून यायची, झुडूप मोजायची आणि कुंडीच्या काठावर खडूने आकडा लिहायची. अकरा. सतरा. चोवीस. छत्तीस इंच झालं की पाला काढायचा, तोवर कोणी ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. दोन तारखा तिने अशाच हुकवल्या.

सर्जनबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "पाल्याने गाठ विरते असं कोणीही सिद्ध केलेलं नाही. गाठ वाढतेय. हा गुरुवार सोडलात तर पुढे माझ्या हातात किती राहील, मला सांगता येणार नाही." भावोजी सर्जनबाईंसमोर हो म्हणाले आणि घरी येऊन ताईसमोरही हो म्हणाले. भावोजींचं सगळं आयुष्य असं दोन्ही डगरींवर हात ठेवण्यात गेलेलं. परवा ताईने स्वतःच सांगितलं, "आता कोटाच्या बटणाएवढी झालीय." जसं काही दुसऱ्या कोणाचं माप सांगावं.

आणि मागल्या रविवारी खडूचा आकडा होता एकतीस.

त्या दिवशी छोटीने ताईला हात जोडले, रागावली, रडलीही. ताई टेप गुंडाळत म्हणाली, "झाड मेलं ना, तर गपचूप जाऊन टेबलावर झोपेन. बस? पण ते मरायचं नाही. तू आहेस ना."

ती रागाच्या भरात बोलली की गमतीने, कोण जाणे. छोटीने मात्र ते शब्द घट्ट धरले. झुडूप उपटून टाकलं असतं तर ताईने जन्मात तिचं तोंड बघितलं नसतं. ते आपल्या मरणाने मरायला हवं होतं.

मारणं किती अवघड असतं हे तिला आता कळत होतं. पहिल्या दिवशी बशी भरून ती कामाला लागली आणि संध्याकाळी निघताना बघते तर बशी कोरडी. पाणी तिनेच ओतून टाकलं होतं. केव्हा, ते तिला आठवेना. तुंबलेली बशी दिसली की रिकामी करायची, ही हाताची तीस वर्षांची खोड. डोक्याला विचारायला तो हात थांबतो होय? दुसऱ्या दिवशी तिने कुंडी शेडमागे नेली, आपल्याच हातांपासून लपवायला. तिसऱ्या दिवशी वाळलेलं पान खुडायला बोटं गेली आणि तिने ती मागे ओढली.

तिचं कशात लक्ष लागेना. कलमं बांधताना पट्ट्या सैल बसायच्या. एका गिऱ्हाइकाला तिने सावलीतलं रोप उन्हात लावायला सांगितलं आणि मग फाटकापर्यंत त्याच्यामागे धावत गेली. बसली की उठायची, उठली की शेडमागे जाऊन यायची. मालक म्हणाले, "बाई, पायाला भिंगरी लागलीय का?" आणि लगेच आपली नेहमीची कौतुकाची टेप लावली, "नाही, चालू द्या. तुमच्या हातात झाडूची काडी दिली तरी पालवी फुटेल." एरवी ती हसली असती. आज तिला ते शिवीसारखं लागलं.

पाचव्या दिवशी खालची पानं पिवळी पडली. सहाव्या दिवशी शेंड्यांनी माना टाकल्या. मातीला आंबूस वास यायला लागला. तिला आनंद व्हायला हवा होता. ती शेडच्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि झुडपाला म्हणाली, "माफ कर बाबा." मग झारी उचलून पुन्हा बशी भरली.

सातव्या दिवशी, रविवारी, ताई नेहमीच्या वेळेआधीच आली. गळ्यात टेप, हातात खडू.

"फुगेवाला कुठाय? जागेवर नाही."

"मागे ठेवलाय. जरा बरा नाही तो."

"बरा नाही म्हणजे?"

"बघ ना तूच. कीड नाही, काही नाही. ऋतू बदलला की होतं असं कधीकधी." हे वाक्य तिने तीन दिवस घोकलं होतं.

ताई शेडमागे गेली. तिने टेप काढलीच नाही. कापडाचा पोत बघावा तशी तिने एक पिवळं पान दोन बोटांत धरलं. माती चिमटीत घेऊन हुंगली. मग गुडघ्यावर हात टेकत खाली बसली आणि तिने कुंडीखाली बोट घातलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत पाण्यात गेलं.

छोटीला आठवलं. कुंडी भरली त्या दिवशी ताईने हौसेने खाली बशी सरकवली होती, आणि छोटीनेच ती काढून घेतली होती. 'याच्या पायात पाणी ठेवशील तर आठवड्यात जाईल,' असं चांगलं दरडावून सांगितलं होतं. ताई एकदा सांगितलेलं माप कधी विसरत नसे.

ताईने ओलं बोट पदराला पुसलं, पुन्हा पुसलं.

"तीस वर्षांत तुझ्या हातून पाण्याने मेलेलं एक रोप सांग," ती म्हणाली.

छोटीच्या हातात रिकामी झारी होती. ती तिने या हातातून त्या हातात घेतली.

"एवढी भ्यायलीस?"

"हो," छोटी म्हणाली. "एवढी भ्यायलेय. मला झोप नाही की जेवण नाही. तू माझ्यावर रागव, शिव्या दे, बोलू नकोस जन्मभर. पण मला तू हवीयस."

ताईने मान वर केली नाही. कुंडी तिरपी करून तिने बशी बाहेर ओढली आणि पाणी बाजूच्या खडीवर ओतलं.

"आता वाचेल का हे?"

"सांगता येत नाही." छोटीने नाक पुसलं आणि ती जवळ येऊन बसली. झाडाचं विचारलं की तिला उत्तर द्यावंच लागे. "मुळं सडली असतील. सडलेली तेवढी कापून काढायची आणि कोरड्या मातीत लावायचं. वरूनही अर्ध्याहून जास्त छाटावं लागेल. तरी वाचेलच असं नाही. पण असंच ठेवलं तर नक्की जाईल."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. तिने ताईकडे बघितलं. ताई कुंडीकडे बघत होती.

"मग काप की," ताई म्हणाली.

छोटीने खिशातली छाटणीची कात्री काढली. ताईने झुडूप बुंध्याशी दोन्ही हातांनी धरलं आणि छोटीने कुंडी खाली ओढली. काळपट, लिबलिबीत मुळं बाहेर आली. मधोमध मूठभर पांढरी होती अजून. पहिल्या कापाला ताईने डोळे मिटले. दुसऱ्या कापापासून उघडे ठेवले. "इथे थोडी राहिलीय," असंही एकदा म्हणाली. मुळं झाल्यावर छोटीने वरच्या फांद्या छाटल्या, आणि पाच महिने ज्याची वाट बघितली तो पाला ताईच्या मांडीवर पडत गेला, हिरवा, राखाडी, पिवळा.

नव्या कुंडीत, कोरड्या मातीत लावून झालं. कुंडीत वीतभर खुंट उरला, त्याला चार पानं. ताई पाला पदरात धरून उठली. पदरातल्या पाल्याकडे तिने क्षणभर बघितलं. मग शेडच्या कोपऱ्यातल्या खताच्या खड्ड्याशी गेली आणि पदर झटकला.

परत येऊन तिने गळ्यातली टेप काढली, खुंट मोजला आणि नव्या कुंडीच्या काठावर खडूने लिहिलं. नऊ.

"गुरुवारी किती वाजता जायचंय?"

"साडेसातला. उपाशीपोटी."

"तू येशील ना? तुझे भावोजी तिथे सगळ्यांना हो हो म्हणत बसतील."

"येईन."

"आणि याला उन्हात ठेव," ताई टेप गुंडाळत म्हणाली. "मी मोजायला येईन."

छोटीने कुंडी उचलून उन्हात नेऊन ठेवली. बशी तिथेच पालथी पडली होती. तिने तीही उचलली, पुसली आणि शेडच्या फळीवर सगळ्यात वर ठेवून दिली.