हाकेच्या अंतरावरची धाव

मित्रांनो, मी एक जुनी ट्रेडमिल आहे. मोटर नसलेली, पायांनी पट्टा ढकलावा लागणारी. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, आता जग बघू. बघितलं काय, तर कपाट आणि खिडकी यांच्यामधला कोपरा! घरधन्याने मला आणलं ते पोट कमी करायला. त्याचा उत्साह आठवडाभर टिकला, मग माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. पट्ट्याला तेलाचा थेंबही कोणी दाखवला नाही.

त्याची बायको मात्र खरी धावणारी. ती रस्त्यावर धावायची, माझ्याकडे ढुंकूनही बघत नसे. मॅरेथॉन तोंडावर आली आणि नेमकी तिची आई न्हाणीघरात घसरली. मांडीचं हाड मोडलं. आईचा पलंग माझ्याच खोलीत आला आणि लेकीचं बाहेर पडणं बंद झालं. आता आम्ही तिघीही अडकलो.

शेवटी आईलाच ते बघवेना.

"ते टॉवेल काढ आणि धाव बाई एकदाची! दिवसभर माझ्या उशाशी येरझाऱ्या घालतेस."

लेक भिंतीकडे तोंड करून धावू लागली. पण जरा लय लागली की, "अगं, पाणी." उतरायचं, पाणी द्यायचं, पुन्हा चढायचं. अशा तुकड्यातुकड्यांच्या सरावावर मॅरेथॉन कशी निभावणार, याचा मलाच घोर लागला.

एके दिवशी मात्र हाक आलीच नाही. लेक खुशीत धावत राहिली. मला दिसत होतं, आईने चादर मुठीत घट्ट धरली होती. ओरडून सांगावंसं वाटलं, पण यंत्राला तोंड कुठलं! मी नुसती करकरत होते. अखेर माझा कोरडा पट्टा अडकला, तेव्हा लेकीने मागे बघितलं.

"आई! लघवीचं भांडं हवं होतं तर सांगायचं ना!"

"थांबले असते गं अजून थोडी. किती छान धावत होतीस."

लेक पलंगाशी बसून रडली. मग तिने मला फिरवून ठेवलं, धावताना पलंग समोर दिसेल असं. जावयाने पट्ट्याला तेल पाजलं.

मॅरेथॉनच्या दिवशी जावई घरी थांबला. लेक परतली ती लंगडत, गळ्यात पदक घालून.

"मध्ये कुठे चालावं लागलं का गं?"

"नाही, शेवटपर्यंत धावले. मागच्या खेपेपेक्षा लवकर आले."

"येणारच! पाणी मागायला मी नव्हते ना तिथे."

"त्याचाच त्रास झाला, आई. सारखी मागे बघत होते."

आता आई काठी धरून चालते आणि लेक पुन्हा रस्त्यावर धावते. मी तिथेच आहे, टॉवेलांखाली. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, जागच्या जागी अडकलेल्यांची एक विनंती ऐका. आम्ही करकरलो नाही, म्हणजे आमचं सगळं ठीक आहे असं समजू नका. काही माणसं तुमची धाव मोडू नये म्हणून हाक गिळतात.